बिनहेडचं इंजिन

७ जानेवारी

आज दादाच्या कारखान्यात माझं टेबल लागलं. टेबल म्हणजे त्याचं जुनं ड्रॉइंग टेबल, खिडकीपाशी सरकवलेलं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. त्यावर माझे दोन मॉनिटर. शेजारच्या खोलीत इंजिन, मध्ये जाड काच. इंजिन सुरू झालं की माझ्या चहात बारीक लाटा उठतात. आधीच्या मोठ्या कंपनीत माझ्या केबिनला गालिचा होता आणि इंजिन दोन इमारती सोडून होतं. दादा म्हणाला, "सवय होईल. चहा लवकर पीत जा."

साध्या डिझेल इंजिनात पिस्टनसमोर एक जाड झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. दादाच्या इंजिनाला हेडच नाही. आडव्या सिलिंडरमध्ये दोन पिस्टन दोन टोकांकडून एकमेकांवर धावून येतात, मध्ये हवा चेपली जाते आणि तिथेच डिझेल फवारलं जातं. झडपाही नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या कापल्यात. एका टोकाच्या खिडक्यांतून ताजी हवा आत येते, दुसऱ्या टोकाने धूर बाहेर जातो. इथला फिटर त्याला बिनडोक्याचं इंजिन म्हणतो. दादा म्हणतो, डोकं नाही म्हणूनच डोकेदुखी कमी.

फेरीबोटींच्या कंपनीला हे इंजिन हवंय, पण आधी खात्री हवी. कुठल्या वेगाला किती ताकद, किती डिझेल, कुठला भाग किती तापणार. खिडक्यांची उंची जरा बदलली तरी सगळं बदलतं, आणि दर वेळी नवं सिलिंडर बनवून पाहायचं तर आम्ही दोघं म्हातारे होऊ. म्हणून मी. मी कॉम्प्युटरवर या इंजिनाचं सोंग उभं करायचं, ते चालवायचं, आणि खरं इंजिन काय करील ते आधीच सांगायचं.

दादाने स्वतः फोन करून बोलावलं. "तू आलीस तर पुरं होईल," एवढंच म्हणाला. मी नोकरीचा राजीनामा त्याच आठवड्यात दिला. याआधी त्याने माझ्याकडे कधी काही मागितलंच नव्हतं.

१५ जानेवारी

वहिनी रोज त्याच्याबरोबर येते. गाडी तीच चालवते. ऑफिसात कोपऱ्यातल्या खुर्चीवर लोकर घेऊन बसते आणि जेवणापर्यंत, जेवणानंतर, संध्याकाळपर्यंत बसूनच असते. मी दादाला काही विचारलं की उत्तर ती देते. "हवेचा पंप कुठल्या गिअरवर चालतो?" असं मी त्याला विचारलं तर ही मान वर न करता म्हणते, "मागच्या मोठ्या." तिला काय कळतं त्यातलं?

मी अकरा वर्षांची होते तेव्हा ती या घरात आली. तोवर आई-बाबा गेलेले, घरात दादा आणि मी. माझ्या वेण्या दादा घालायचा, वाकड्या. मग वहिनी आली आणि वेण्या सरळ झाल्या. तेव्हापासून आमच्या दोघांच्या मध्ये ती कायम बसलेली आहे, आता लोकर घेऊन.

२ फेब्रुवारी

सोंग चालतं, पण खोटं चालतं.

धुराकडचा पिस्टन हवेकडच्या पिस्टनपेक्षा थोडा पुढे धावतो. त्यामुळे धुराच्या खिडक्या आधी उघडतात, धूर निघून जातो, मग ताजी हवा येते. किती पुढे, यावर सगळं अवलंबून आहे. दादाने सांगितलं, बारा अंश. मी बारा घातले. माझं इंजिन धापा टाकायला लागलं, शेजारचं खरं इंजिन मात्र मजेत चाललेलं.

परत विचारलं. म्हणाला, आठ. "मग बारा का म्हणालास?" तर म्हणाला, "बारा? बारा कसे असतील?" आठ घातले, आणखी बिघडलं. आज सकाळी परत विचारलं तर वीस.

मला वाटतं तो माझी परीक्षा घेतोय. लहानपणी गणितं घालताना मुद्दाम एखादा आकडा चुकीचा द्यायचा आणि मी पकडते का बघायचा. पण आता मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि बोटवाले मेअखेर निर्णय घेणार आहेत.

९ फेब्रुवारी

एक बरं आहे, दादा भलताच टापटिपीचा झालाय. पूर्वी त्याच्या कारखान्यात पाना शोधायचा म्हणजे दिवस जायचा. आता प्रत्येक कपाटावर, प्रत्येक बटणावर चिठ्ठी. "दिवा." "पंखा." "हे दाबू नये." पाण्याच्या व्हॉल्व्हवर लाल अक्षरांत "आधी हा उघडा." अक्षर वहिनीचं आहे. नवऱ्याला शिस्त लावायला बाईला छत्तीस वर्षं लागली, असं मी म्हटलं. फिटर हसला नाही. वहिनीही नाही.

२० फेब्रुवारी

परवा तोंडून नको ते गेलं.

खिडक्यांची उंची त्याने तिसऱ्यांदा वेगळी सांगितली आणि माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "दादा, मी तुझी बहीण आहे, दुसऱ्या कंपनीची हेर नाही. तुला आकडे द्यायचे नसतील तर बोलावलंस कशाला?"

तो रागावेल असं वाटलं होतं. रागावला नाही. माझ्याकडे बघत राहिला, वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखा, आणि मग वहिनीकडे बघितलं. वहिनी उठून आली. मला म्हणाली, "त्यांना कशाला विचारतेस? लोखंडाला विचार. फिटरला घे आणि मोज."

काय हा तोडून बोलण्याचा प्रकार. पण मोजलं. दोन दिवस इंजिन बंद ठेवून, दोन्ही बाजूंची झाकणं काढून, अंशांची चकती लावून एकेक गोष्ट मोजली. पिस्टन साडेचौदा अंश पुढे आहे. त्याने सांगितलेल्या तिन्हींपैकी एकही नाही.

१ मार्च

जुळलं!

खऱ्या इंजिनाच्या दाबाचा आलेख काळा, माझ्या सोंगाचा निळा. आज निळी रेघ काळीवर अशी बसली की एकच रेघ दिसावी. वेग कमी केला, जुळलं. भार वाढवला, जुळलं. आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दादाचं इंजिन खरोखरच चांगलं आहे. नेहमीच्या इंजिनापेक्षा डिझेल बरंच कमी पितं. धुराकडचा पिस्टन तापतो, पण पाणी नीट फिरलं तर धोक्याच्या बराच खाली राहतो. इतकी वर्षं लोक त्याला वेडा म्हणत होते. मी त्याला ओढतच मॉनिटरसमोर आणलं.

"ही निळी रेघ कसली?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो खूश झाला, माझ्या पाठीवर थोपटलं. चहा झाल्यावर परत आला, परत म्हणाला, "ही निळी रेघ कसली गं?" मी परत सांगितलं. परत तेवढाच खूश. त्याला ते पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतंय. मलाही सांगावंसं वाटतंय.

१८ मार्च

बोट कंपनीच्या मुख्य इंजिनिअर बाई आल्या होत्या. उंच, सडपातळ, बोलायला कोरड्या, पण कान देऊन ऐकणाऱ्या. त्यांनी इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि दादाला विचारलं, "दोन्ही पिस्टन बरोबरीने का नाही धावत? एक पुढे कशाला?"

अगदी सोपा प्रश्न. या एका गोष्टीवर दादाने आयुष्य घालवलं, झोपेतही सांगितलं असतं. पण तो हसला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते हिला विचारा. आता हीच सांगेल."

 एवढ्या मोठ्या माणसांसमोर त्याने मला पुढे केलं. मी सांगितलं, चांगलं सांगितलं. बाई मान डोलावत होत्या. दादा तर माझ्याकडे अशा कौतुकाने बघत होता की जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

नंतर बाथरूममध्ये गेले तर वहिनी तोंड धूत होती, डोळे लाल. मी विचारलं तर म्हणाली, साबण गेला. इतक्या वर्षांत तिला रडताना पाहिलं नव्हतं. चांगल्या दिवशी तीही हळवी होते म्हणायची.

३ एप्रिल

दादा आज उशिरा आला आणि टॅक्सीतून. वहिनी पार्किंगमध्ये गाडी लावेपर्यंत हा चालत सुटला होता म्हणे. सापडला नदीपलीकडे, आमच्या पहिल्या शेडपाशी. ती शेड पाडून तिथे आता कपड्यांचं दुकान झालंय. दुकानदाराने टॅक्सीत बसवून दिलं. दादा हसत सांगत होता, "लोकांनी माझी लेथ कुठे हलवली कोण जाणे." त्याचे विनोद असेच असतात, सरळ तोंडाने.

माणसाचं काम पुरं होत आलं की सुरुवात आठवते. मलाही परवा आमची ती पत्र्याची शेड स्वप्नात दिसली.

वहिनी त्याच्यावर ओरडली नाही. त्याचा हात धरून बसली, आणि लोकर पिशवीतच राहिली.

२२ एप्रिल

इंजिन गेलं. फिटरचा हात भाजलाय. आत्ता याहून जास्त लिहिता येत नाही.

२४ एप्रिल

वहिनीच्या दाढेचं दुखणं वाढलं होतं म्हणून ती परवा दातांच्या डॉक्टरकडे गेली. जाताना मला म्हणाली, "जरा लक्ष ठेव." मी म्हटलं, कशावर? म्हणाली, "सगळ्यावरच." मी हो म्हटलं आणि आलेखात डोकं घातलं.

पूर्ण भाराची चाचणी होती. काचेपलीकडे दादा लिव्हरपाशी उभा होता आणि फिटर मागे डिझेलचं माप बघत होता. इंजिनाचा आवाज हळूहळू बदलला, जाडसर झाला. इंजिन फार तापल्याचा इशारा देणारा भोंगा वाजल्यासारखा वाटला आणि लगेच थांबला. मी मान वर केली तेव्हा दादा लिव्हर आणखी पुढे ढकलत होता. मग असा आवाज झाला की तो कानांना ऐकू येण्याआधी पायांना कळला. धुराकडचा पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटला, दांडा तुटला, दोन क्रँकना जोडणाऱ्या गिअरचे दात उडाले. फिटर डिझेल बंद करायला धावला आणि उकळतं तेल त्याच्या उजव्या हातावर आलं. दादा जागचा हलला नाही. मी आत गेले तर मला म्हणाला, "आता शांत झालं ना?"

फिटर इस्पितळात आहे. हात वाचेल म्हणतात, बोटं किती वळतील ते आत्ता सांगता येत नाही.

३० एप्रिल

मुख्य इंजिनिअर बाईंचा फोन आला. अशा इंजिनात धुराकडचा पिस्टन चिकटतो, ही भीती त्यांच्या लोकांना आधीपासून होतीच. मे महिन्यात कारण आणि पुरावा द्या, नाहीतर आम्ही नेहमीचं इंजिन घेतो. आवाज कोरडा होता, पण फोन ठेवताना फिटरची चौकशी केली.

माझ्या सोंगाने सांगितलं होतं की पूर्ण भाराला पिस्टन चिकटणार नाही. म्हणजे एकतर माझं सोंग खोटं, नाहीतर इंजिन खोटं. दोन्हींपैकी काय बरं, तेही मला ठरवता येत नाही.

६ मे

आठवडाभर सगळं करून पाहिलं. डिझेल जास्त फवारलं, तेल कमी केलं, हवा गरम केली. सोंगातलं इंजिन तापतं, कुरकुरतं, पण चिकटत नाही.

आज सकाळी, निव्वळ काही उरलं नाही म्हणून, मी पाणी बंद केलं. म्हणजे कॉम्प्युटरवर. सिलिंडरभोवती फिरणारं पाणी शून्य.

धुराच्या खिडक्यांमधल्या पट्ट्या तापून आत फुगल्या, तेलाचा थर जळाला, पिस्टन अडकला. वेग कसा घसरला आणि धूर किती तापला, ते खऱ्या नोंदींवर ठेवून पाहिलं. काळी रेघ, निळी रेघ. एकच रेघ.

मी दुपारी इस्पितळात गेले. फिटरने आधी टाळाटाळ केली. म्हणाला, माझीच चूक लिहा. मग म्हणाला, "व्हॉल्व्ह रोज मीच उघडतो, ताई. त्या दिवशी साहेब आधी येऊन उभे होते. म्हणाले, मी उघडलाय. ते म्हणाले म्हणजे मग मी कशाला बघू?" भोंगा? "तोही त्यांनीच बंद केला. म्हणाले, हा कसला आवाज लावून ठेवलाय." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तुम्हाला ठाऊक आहे असंच आम्हाला वाटत होतं."

काय ठाऊक आहे, हे मी त्याला विचारलं नाही. इस्पितळाच्या जिन्यावर बसून राहिले. बारा, आठ, वीस. चिठ्ठ्या. ही निळी रेघ कसली गं.

७ मे

वहिनीकडे गेले. दादा आत झोपला होता. मी काही विचारायच्या आधीच तिने चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून सगळं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलंय. आधी आकडे जातील, मग रस्ते, मग माणसं. औषधाने जाणं लांबतं, थांबत नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"ते नको म्हणाले. कळलं तर आजाऱ्याकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघेल, म्हणाले. मला एकदा तिच्याबरोबर नीट काम करायचंय. म्हणून तर तुला फोन केला. तो फोन करण्याआधी काय बोलायचं ते माझ्यासमोर बसून चार वेळा म्हणून पाहिलं." चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला आणि ओटा पुसत राहिली. "मी रोज येऊन बसत होते. एक दिवस नाही आले."

मी म्हटलं, "वहिनी, दाढ तुमची दुखत होती. लक्ष ठेवायला मला सांगितलं होतं."

"तुला काय सांगितलं होतं गं मी? धड सांगितलं असतं तर ना."

मग आम्ही दोघींनी तो करपट चहा प्यायला. मी तिला विचारलं, अहवालात काय लिहू? इंजिनाचा दोष म्हटलं तर इंजिन मेलं. नाही म्हटलं तर पाणी कोणी उघडलं नाही, ते लिहावं लागेल.

ती म्हणाली, लिहू नकोस असंच सांगणार होते. पण काल फिटरच्या हाताची पट्टी बदलताना मी तिथे होते. आता मला काहीच सांगता येत नाही.

११ मे

दादाचे काही दिवस स्वच्छ असतात, आज तसा होता. मी पोचले तेव्हा तो गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होता. मला बघून म्हणाला, "ठमे, तुला कळलं म्हणे."

मी ठरवून गेले होते की रडायचं नाही. तो झारी घेऊन पुढच्या कुंडीकडे गेला, मला वेळ मिळावा म्हणून. मग कठड्यावर शेजारी बसला आणि विचारलं, इंजिन का चिकटलं? मी म्हटलं, अजून बघतेय. म्हणाला, "खोटं बोलताना तू नाक खाजवतेस. लहानपणापासून."

मग मी सांगितलं. पाणी बंद होतं. भोंगा बंद केला होता. सोंगात तसंच केलं तर तस्संच होतं, आणि पाणी चालू ठेवलं तर कितीही भार घातला तरी होत नाही.

 त्याने आधी फिटरच्या हाताचं विचारलं. मग विचारलं, "म्हणजे इंजिन चांगलं आहे?"

"चांगलं आहे, दादा. फार चांगलं आहे."

"मग तसं लिही."

"तुझं नाव येईल त्यात."

"येऊ दे ना. दोघांपैकी एकाच्या माथी मारावंच लागणार. इंजिनाला अजून पुष्कळ चालायचंय."

मी म्हटलं, तुला वाईट वाटेल.

"वाटेल की," तो म्हणाला. "पण लक्षात किती दिवस राहणार आहे?" आणि हसला, त्याच्या विनोदावर त्याने एकट्यानेच हसावं तसा. मला हसता आलं नाही. मग त्याने माझ्या खांद्याभोवती हात टाकला आणि आम्ही तसेच बसून राहिलो. कुंडीतलं पाणी ओघळून पायाखाली आलं तरी.

१९ मे

अहवाल दिला. एक वाक्य मी सोळा वेळा लिहिलं आणि खोडलं. शेवटी साधं ठेवलं: थंड करणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद असताना इंजिन चालवण्यात आलं, चालवणारी व्यक्ती रचनाकार स्वतः होती आणि ती आजारी आहे.

२ जून

बोट कंपनीने इंजिन घेतलं. तीन बोटींसाठी. पाणी नसेल तर इंजिन सुरूच होऊ नये अशी सोय करायची. काम माझ्या देखरेखीखाली व्हायचं. आणि रचनाकाराने चाचणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हे लेखी हवं. बाई म्हणाल्या, "मला हे लिहून घ्यावं लागतंय." मी म्हटलं, मला कळतं. कळतं हे खरंच आहे. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

सही करून आले आणि दादाच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून त्या खोलीची किल्ली काढून घेतली. त्याने विरोध केला नाही. "तुला हवीय? घे की," म्हणाला.

१४ जुलै

रोज सकाळी तो त्या दाराशी येतो. किल्ली शोधतो, खिसे चाचपतो, मग माझ्याकडे येऊन विचारतो, दाराला काय झालंय. रोज मी सांगते, कुलूप बिघडलंय. तो म्हणतो, दे, मी बघतो. आज फिटर आला होता, हातात रबराचा चेंडू दाबत. त्याने दादाला हात धरून अंगणात नेलं आणि दोघं झाडाखाली बसले. फिटरची दोन बोटं अजून वळत नाहीत. दादाने त्याला विचारलं, हाताला काय झालं रे? फिटर म्हणाला, तेल उडालं. दादा म्हणाला, जपून काम करावं माणसाने.

फिटर नंतर माझ्याकडे आला. मला वाटलं काहीतरी बोलेल. "चहा आहे का?" एवढंच म्हणाला.

५ ऑगस्ट

वहिनीने सुचवलं, आणि जमलं. दादाची खुर्ची आता माझ्या टेबलाशेजारी. तो मॉनिटरवर दोन पिस्टन पुढेमागे धावताना बघत बसतो आणि विचारतो. मी पहिल्यापासून सांगते. हेड का नाही, खिडक्या कशाला. नव्या माणसासारखे प्रश्न विचारतो आणि काही प्रश्न असे नेमके असतात की मी थबकते. आज म्हणाला, "हवा आत येताना जरा फिरवून आणली तर?" त्याने स्वतःच खिडक्या तिरक्या कापून ती फिरवलीय. मी म्हटलं, "फिरवलीय ना. ज्याने बनवलं त्याने तेच केलं." तो म्हणाला, "हुशार दिसतो."

वहिनी पलीकडे विणत असते. आता मी तिच्या उत्तरांची वाट बघते. मागच्या मोठ्या गिअरसकट सगळं इंजिन तिला पाठ आहे. त्याने विसरलेलं कुठेतरी असावं म्हणून पाठ केलं, असं परवा म्हणाली.

२१ सप्टेंबर

त्याने आज काही विचारलं नाही. कालही नाही. खिडकीबाहेर बघत बसला होता. मी आपण होऊन सांगायला लागले, दोन पिस्टन असतात, ते एकमेकांकडे येतात. त्याने माझ्याकडे वळून सौजन्याने ऐकून घेतलं. मी मध्येच थांबले तरी त्याने पुढचं विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर

आज पहिल्या बोटीची पहिली फेरी. मुख्य इंजिनिअर बाईंनी आम्हाला बोलावलं होतं. दादाला बरोबर आणा, असं त्यांनीच दोनदा सांगितलं. फिटर खाली इंजिनापाशी, चालकाशेजारी. वहिनी, दादा आणि मी वर बाकावर. नदीवर धुकं होतं आणि वारा बोचत होता. वहिनीने त्याच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

इंजिन सुरू झालं. पायाखाली थरथर, पण ती बारीक, एकसारखी. पूर्ण भाराला आवाज बदलतो का, हे ऐकत मी श्वास धरून बसले होते. नाही बदलला. बाईंनी खालून येऊन आकडे दाखवले. मी सांगितलेल्या डिझेलपेक्षा थोडं कमीच जळत होतं. त्या दादासमोर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "अभिनंदन, साहेब." त्याने हात जोडले. लग्नकार्यात अनोळखी यजमानाला जोडावेत तसे.

वहिनी फिटरला बघायला खाली गेली. आम्ही दोघंच उरलो. पलीकडचा काठ धुक्यातून हळूहळू दिसायला लागला होता. दादा पाण्याकडे बघत होता, चेहरा शांत, जरा खूशच. मला त्याला सांगायचं होतं की हे तुझं आहे, हा आवाज, हे खाली चाललंय ते. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

त्याने हात काढून घेतला नाही. माझ्याकडे वळला, माझ्या कपाळावर आलेले केस बघितले, आणि एकट्या प्रवासी बाईची करावी तशी काळजीने चौकशी केली, "तुम्हाला कुठे उतरायचंय?"

मी म्हटलं, "तुम्ही उतराल तिथेच."

"बरं झालं," तो म्हणाला. "मग सोबत होईल."